कागदावर न उतरलेली संगीतिका

१९३३ सालचा उन्हाळा. फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, स्पेनच्या सीमेजवळ सँ-झाँ-द-लूझ नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे सुट्टीसाठी आलेला अठ्ठावन्न वर्षांचा एक बुटका, टापटीप माणूस नेहमीप्रमाणे पोहायला पाण्यात उतरला. तो चांगला पोहणारा होता. पण त्या दिवशी हातपाय कसे मारायचे हेच त्याला जुळेना. हात लुळा पडला नव्हता, पाय लुळा पडला नव्हता. पोहणे ही जी एक सलग क्रिया असते, तीच हरवली होती.

या माणसाचे नाव मोरिस रावेल. त्या काळातला फ्रान्सचा सर्वांत नामवंत संगीतकार. त्याच्या ‘बोलेरो’ या रचनेने चार-पाच वर्षांपूर्वीच साऱ्या जगाला वेड लावले होते. पुढची चार वर्षे हा माणूस मनात संगीत घेऊन जगला. पण ते कागदावर उतरवणे त्याला जमले नाही. त्याला नेमके काय झाले होते, याचा शोध डॉक्टर मंडळी आजही घेत आहेत. त्या शोधातून भाषा, संगीत आणि मेंदू यांच्या नात्याविषयी बरेच काही कळले आहे.

अभियंत्याचा मुलगा

रावेलचा जन्म ७ मार्च १८७५ रोजी सँ-झाँ-द-लूझला लागून असलेल्या सीबूर या गावी झाला. वडील मूळचे स्वित्झर्लंडकडचे, पेशाने अभियंता आणि यंत्रांच्या नादाने झपाटलेले. आई बास्क प्रांतातली. मोरिस काही महिन्यांचा असतानाच कुटुंब पॅरिसला आले. वडिलांकडून यंत्रांची आवड आणि आईकडून स्पॅनिश वळणाच्या गाण्यांचा कान, असा दुहेरी वारसा त्याला मिळाला. आयुष्यभर त्याच्या घरात चावीची खेळणी असत आणि त्याच्या संगीताची बांधणीही घड्याळाच्या आतल्या चाकांसारखी नेमकी असे.

पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात तो शिकला. तिथले गाब्रिएल फोरे हे त्याचे गुरू. पण परीक्षकांशी त्याचे कधी जमले नाही. रोमला जाऊन राहण्याची संधी देणाऱ्या ‘प्री द रोम’ या मानाच्या पारितोषिकासाठी तो पाच वेळा बसला आणि पाचही वेळा पहिल्या क्रमांकाने त्याला हुलकावणी दिली. १९०५ मध्ये तर तो पहिल्याच फेरीत बाद झाला. तोवर त्याच्या रचना मैफलींत गाजू लागल्या होत्या. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. त्या वादळातच संस्थेचे संचालक पायउतार झाले आणि त्यांच्या जागी फोरे आले. पुढे १९२० मध्ये सरकारने ‘लेजियों द’ऑनर’ हा सन्मान देऊ केला, तेव्हा रावेलने तो नाकारला.

पहिल्या महायुद्धात वजन कमी आणि चण लहान म्हणून त्याला सैन्यात घेत नव्हते. तरीही खटपट करून तो भरती झाला आणि १९१६ मध्ये व्हर्दूनच्या आघाडीवर लष्करी मालमोटार चालवू लागला. तिथे तो आमांशाने आजारी पडला. १९१७ च्या जानेवारीत आई गेली. लग्न न केलेल्या रावेलला हा घाव फार खोल लागला. युद्धात गमावलेल्या मित्रांसाठी त्याने ‘ल तोंबो द कूपराँ’ ही पियानोवरील रचनामाला लिहिली. तिचा एकेक भाग त्या मित्रांना अर्पण केलेला आहे.

१९२१ मध्ये त्याने पॅरिसपासून पन्नासेक किलोमीटरवर माँफोर-लामोरी या गावात एक छोटेसे घर घेतले. रात्री झोप येत नसे, सिगारेट सुटत नसे, जवळच्या जंगलातून लांबलांब फेरफटके चालत. कामाचा वेग मंद, पण प्रत्येक स्वर जागच्या जागी.

‘बोलेरो’ आणि त्यानंतर

१९२८ हे साल रावेलच्या आयुष्यातले शिखर म्हणावे लागेल. वर्षाच्या सुरुवातीला त्याने अमेरिकेचा चार महिन्यांचा दौरा केला. परतल्यावर नर्तिका इदा रुबिनस्टाईनसाठी त्याने नृत्यसंगीत लिहिले, तेच ‘बोलेरो’. २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात त्याचा पहिला प्रयोग झाला.

‘बोलेरो’ ऐकताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. छोट्या ड्रमवर एक ठेका सुरू होतो आणि तो शेवटपर्यंत, जवळजवळ पाव तास, बदलत नाही. दोनच सुरावटी आलटूनपालटून येत राहतात. बदलते ते फक्त वाद्य आणि आवाजाची पातळी. आधी एकटी बासरी, मग क्लॅरिनेट, मग आणखी वाद्ये, अशी भर पडत शेवटी सारा वाद्यवृंद गर्जू लागतो आणि अगदी अखेरीस स्वराधार एकदाच हलतो. जानेवारी १९३० मध्ये रावेलने स्वतः लामुरो वाद्यवृंदाचे संचालन करून या रचनेचे ध्वनिमुद्रण केले. ते आजही ऐकायला मिळते.

यानंतर त्याने एकाच वेळी दोन पियानो कॉन्चेर्टो लिहायला घेतले. पहिला होता पॉल विटगेनस्टाईन या ऑस्ट्रियन वादकासाठी. महायुद्धात त्याने उजवा हात गमावला होता, म्हणून हा कॉन्चेर्टो फक्त डाव्या हाताने वाजवायचा. दुसरा दोन्ही हातांसाठी. दोन्हींचे पहिले प्रयोग जानेवारी १९३२ मध्ये झाले. दोन्ही रचना आज विसाव्या शतकातल्या उत्तम रचनांत गणल्या जातात.

टॅक्सीचा अपघात

१९३२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमध्ये रावेल बसलेल्या टॅक्सीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. दात पडले, चेहऱ्याला मार लागला, छातीला मुका मार बसला. दुखापत फार गंभीर वाटली नाही. पण त्यानंतर तो पूर्वीसारखा राहिला नाही, असे त्याच्या मित्रांना जाणवू लागले.

त्या सुमारास एका चित्रपटासाठी त्याला डॉन किहोतेवरील गाणी करायची होती. वेळेत ती झाली नाहीत आणि काम दुसऱ्या संगीतकाराकडे गेले. मोठ्या कष्टाने तीन गाणी पूर्ण झाली आणि ती कागदावर आणताना मित्रांची मदत घ्यावी लागली. या तीन गाण्यांनंतर रावेलने नवे काहीही लिहिले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पोहण्याचा तो प्रसंग घडला. मग सही करणे अवघड होऊ लागले. अक्षरे कशी काढायची ते आठवेना. १९३४ मध्ये एका मित्राला सांत्वनाच्या चार ओळी लिहायला त्याला आठवडाभर लागला, तोही शब्दकोश पुढे ठेवून. नावे आठवत नसत, बोलताना शब्द अडत. पण समोरचा कोण आहे, कुठे भेटलो होतो, काय घडले होते, हे सगळे त्याला ठाऊक असे. आपल्याला काय होते आहे, हेही त्याला पुरते कळत होते. हीच या आजाराची सर्वांत कठोर बाजू.

त्याच्या डोक्यात दोन मोठी कामे होती. एक जोन ऑफ आर्कवरील संगीतिका आणि दुसरे अलिबाबाच्या गोष्टीतल्या मर्जिनावर बेतलेले नृत्यनाट्य. संगीतिका मनात तयार आहे, ऐकू येते आहे, पण लिहिता येत नाही, असे तो जवळच्यांना सांगे.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आपल्या रागसंगीतात बंदिश गळ्यातून गळ्यात जाते. लिहिता न येणारा गवयीही शिष्याला ती देऊन जाऊ शकतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संगीताचे तसे नाही. साठ-सत्तर वादकांनी कोणत्या क्षणी काय वाजवायचे, हे आधी कागदावर मांडावे लागते. स्वरलेखन गेले की रचनाकाराचे बोलणेच थांबते. रावेलच्या बाबतीत नेमके तेच झाले.

डॉक्टरांनी काय पाहिले

पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ थेओफील आलाझुआनीन यांनी रावेलला शेवटच्या काळात अनेकदा तपासले. १९४८ मध्ये त्यांनी ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. भाषा गमावलेल्या तीन कलावंतांचे, एक लेखक, एक संगीतकार आणि एक चित्रकार यांचे, निरीक्षण त्यात आहे. त्यातला संगीतकार म्हणजे रावेल.

मेंदूतील बिघाडामुळे बोलणे, समजणे, वाचणे, लिहिणे या क्षमता कमी होतात, त्याला वैद्यकशास्त्रात अफेझिया म्हणतात. हातापायांत बळ असूनही शिकलेली क्रिया करता येत नाही, त्याला अप्रॅक्सिया म्हणतात. रावेलला ही दोन्ही होती. स्मरणशक्ती, विवेक, भावना आणि रसिकता मात्र शाबूत होती.

संगीताच्या चाचण्यांचे निष्कर्ष फार बोलके होते. ओळखीची सुरावट वाजवली की रावेल ती तत्काळ ओळखे. त्याच्या स्वतःच्या रचनेत मुद्दाम चूक केली, लय जराशी बदलली, तर त्याला ती लगेच खटके. हिवाळ्यातल्या दमट हवेने पियानोचा स्वर उतरला होता, तोही त्याच्या कानाने पकडला. म्हणजे संगीत आत येण्याची वाट पूर्ण मोकळी होती.

बाहेर जाण्याची वाट मात्र बंद होत चालली होती. वाजवलेल्या स्वराचे नाव सांगताना तो अडखळे. छापील स्वरलिपी पाहून पियानो वाजवणे जवळजवळ अशक्य झाले होते. स्वतःची जुनी रचना आठवणीतून वाजवायला घेतली तर थोडी खटपट करून काही भाग येई. अनोळखी रचनेचे दोन-तीन स्वरही पुढे सरकत नसत. स्वरलेखन कष्टाचे झाले होते आणि समोरच्या कागदावरून नक्कल करणे त्याहून कठीण.

याचा अर्थ काय? बहुतेक माणसांत भाषेचे मुख्य जाळे मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असते. संगीताला मात्र दोन्ही अर्धगोल लागतात. सुरावट ओळखणे, स्वराचा पोत जाणणे यांत उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो. पण स्वराला नाव देणे, चिन्ह वाचणे, चिन्ह लिहिणे ही कामे भाषेच्या शेजारची. म्हणून संगीताची जाण टिकून संगीताची लिपी हरवू शकते. पक्षाघातानंतर बोलता न येणारा रुग्ण आरती किंवा भजन मात्र शब्दांसकट म्हणतो, हे पाहून नातेवाईक चकित होतात. त्यामागेही मेंदूची हीच विभागणी असते.

शेवटचे ऑपरेशन

मित्रांनी रावेलला एकटे पडू दिले नाही. त्याला फिरायला नेले, मैफलींना नेले. १९३५ मध्ये इदा रुबिनस्टाईनने खर्च उचलला आणि एका मित्रासोबत तो स्पेन व मोरोक्कोला जाऊन आला. बदल सुखद होता, आजार थांबला नाही.

१९३७ च्या अखेरीस प्रश्न उभा राहिला की मेंदूत गाठ तर नसेल? त्या काळी सीटी स्कॅन नव्हता. तो १९७० च्या दशकात आला. एमआरआय त्याहून नंतरचा. कवटी उघडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होता. सल्ल्यांत एकमत नव्हते. तियेरी द मार्तेल या नामांकित सर्जनचा कल ऑपरेशन न करण्याकडे होता. क्लोव्हिस व्हँसाँ यांनी मात्र शस्त्रक्रियेची तयारी दाखवली. भाऊ एदुआर आणि मित्रांना आशेचा एक धागा हवा होता. समोर माणूस दिवसेंदिवस मिटत चाललेला असताना काहीतरी करा, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक असते. डॉक्टरलाही तसेच वाटते.

१७ डिसेंबर १९३७ रोजी शस्त्रक्रिया झाली. गाठ सापडली नाही. रक्ताची गुठळीही नव्हती. मेंदू किंचित सैल पडलेला दिसला, इतकेच. रावेल थोडा वेळ शुद्धीवर आला, त्याने भावाची चौकशी केली आणि मग तो बेशुद्धीत गेला. २८ डिसेंबरला त्याचे निधन झाले. वय बासष्ट. शवविच्छेदन झाले नाही. त्यामुळे आजाराचे नेमके नाव काय, हे खात्रीने सांगण्याची शक्यता त्याच्याबरोबर मातीआड गेली.

मग आजार कोणता?

टॅक्सीच्या अपघातावर अनेक वर्षे बोट ठेवले गेले. डोक्याला मार लागल्याने लक्षणे वाढली असू शकतील. पण एकदाच झालेल्या इजेनंतर सहसा प्रकृती स्थिरावते किंवा सुधारते. रावेलची लक्षणे पाच वर्षे सतत वाढत गेली. नेहमीच्या अल्झायमरमध्ये सुरुवातीला स्मरणशक्ती जाते. त्याची शाबूत होती. म्हणून आज बहुतेक तज्ज्ञांचा कल मेंदूच्या पेशी हळूहळू झिजवणाऱ्या एका वेगळ्या गटाकडे आहे. ज्यात आधी भाषाच झिजते, त्याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात. ज्यात शिकलेल्या क्रिया जातात, तो कॉर्टिकोबेसल डीजनरेशन. रावेलमध्ये दोन्हींची चिन्हे दिसतात. हळूहळू वाढणाऱ्या अफेझियाचे आधुनिक वर्णन अमेरिकी डॉक्टर मार्सेल मेसुलाम यांनी १९८२ मध्ये केले. रावेलच्या डॉक्टरांच्या हाती तेव्हा हे नावच नव्हते.

या कथेला एक विलक्षण जोड आहे. कॅनडातील ॲन ॲडम्स या शास्त्रज्ञ महिलेने प्रयोगशाळा सोडून चित्रकलेला वाहून घेतले होते. १९९४ मध्ये तिने ‘बोलेरो’चे चित्र काढले. रचनेच्या प्रत्येक आवर्तनासाठी एक उभी पट्टी, आवाज जितका मोठा तितकी पट्टी उंच, आणि अखेरीस स्वराधार हलतो तिथे रंगही एकदम बदलतो. रावेलच्या आजाराची तिला कल्पना नव्हती. काही वर्षांनी तिची स्वतःची भाषा जाऊ लागली. निदान झाले प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ मध्ये तिच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. डाव्या बाजूचा पुढचा भाग झिजला होता. उजव्या बाजूचा मागचा भाग मात्र अपेक्षेपेक्षा भरदार होता.

यावरून काहींनी तर्क केला की ‘बोलेरो’तील पुनरावृत्ती हे रावेलच्या आजाराचेच पहिले लक्षण असावे. हा तर्क जपून घ्यावा. पुनरावृत्ती ही रावेलने जाणीवपूर्वक निवडलेली युक्ती होती. शिवाय ‘बोलेरो’नंतर त्याने लिहिलेले दोन कॉन्चेर्टो गुंतागुंतीचे आणि वैविध्याने भरलेले आहेत. कलाकृतीवरून मृत कलावंताचे निदान करणे मोहाचे असते, पण ते पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या घरात पाहण्यासारखे

रावेलला झालेला आजार दुर्मीळ असला, तरी तो आजही होतो आणि निदान उशिरा होते. उतारवयातला मेंदूचा आजार म्हणजे विसराळूपणा, असे आपण धरून चालतो. पण ज्यांना तारीख, माणसे, व्यवहार नीट आठवतात अशा व्यक्तींनाही शब्द सापडेनासे होणे, नेहमीच्या लिखाणात अक्षरे चुकणे, सही बदलणे, शर्टाची बटणे किंवा कुलूप-किल्ली जमेनाशी होणे, ही लक्षणे महिनोन् महिने वाढत असतील तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. थायरॉइडचा बिघाड, ब जीवनसत्त्वाची (बी-१२) कमतरता, पडल्यानंतर मेंदूभोवती साकळलेले रक्त अशी उपचार होण्याजोगी कारणे आधी वगळावी लागतात. त्यासाठी आता कवटी उघडावी लागत नाही. रक्ततपासणी आणि स्कॅन पुरतो. बोलणे अचानक गेले, तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळा पडला, तर मात्र तो पक्षाघात समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

झिजेच्या आजारावर अजून खात्रीचा इलाज नाही. पण वाक् उपचारतज्ज्ञांची मदत होते. घरच्यांनी वाक्ये छोटी करावीत, हो-नाही अशी उत्तरे देता येतील असे विचारावे, चित्रे आणि खुणा वापराव्यात, उत्तरासाठी थांबावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णासमोर त्याच्याविषयी, तो तिथे नसल्यासारखे बोलू नये. बोलता न येणाऱ्याला कळत नाही, असा अर्थ होत नाही.

शेवटच्या वर्षांत रावेल मैफलीत बसून आपलेच संगीत ऐकत असे. वादकाची एखादी चूक त्याच्या ध्यानात येई. शेजारी बसलेल्यांना तो फक्त एक गप्प माणूस दिसत असेल. जोन ऑफ आर्कची संगीतिका तेव्हाही त्याच्या मनात होती.